आखाजीला साल सरतं

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भाविकाचा झोका एवढा उंच जातो, की चोपड्याच्या आमच्या निंबावरून तिला थेट नरडाण्याच्या कारखान्याचं गेट दिसतं. झोका देणारा मीच, म्हणून सांगतो.

भाविका माझ्या पुतण्याची मुलगी. नरडाण्याला एका सरकीच्या तेलाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. रोजच्या कामाचा पगार मिळतो. सुट्टीला मात्र लॅपटॉप उघडा ठेवून फोनची वाट पाहत बसायचं, त्याचा छदाम नाही. भाऊबीजेला ओवाळताना एका हातात ताट, दुसऱ्यात फोन! मॅनेजर प्रेमराजभाऊ म्हणतात, "फोन वाजला नाही, तर काम कसलं?"

अहो, चोर आला नाही म्हणून शेत राखणाऱ्याची मजुरी कापतात का?

यंदा आखाजीला भरदुपारी प्रेमराजभाऊंचा फोन आला. वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद पडलेला, गेटवर ट्रक अडलेले.

"आबा, आते काय करू?"

मी चाळीस वर्षं सालदारकी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतमजुरी, केलेला माणूस. म्हटलं, "पोरी, आज आखाजी शे. सालदारनं साल आज सरस. पहिले बोली, मंग काम."

आमच्याकडची रीतच ती. नव्या सालाची बोली ठरेपर्यंत सालदार बैलाच्या दाव्याला हात लावत नाही, मालक रडो की ओरडो.

भाविकानं झोक्यावरूनच सांगितलं, "भाऊ, माझं साल सरलं. सुट्टीला फोनजवळ बसायचा अर्धा रोज, काम निघालं तर दुप्पट. लिहून पाठवा."

"ताई, पाच मिनिटांचं काम आहे!"

"मग तुम्हीच करून टाका ना."

"मी दुसरा माणूस बघतो."

"बघा. आज सगळे मोकळेच आहेत."

त्यांनी भाविकाच्याच जोडीला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या धुळ्याच्या जितेंद्रला फोन लावला. तो सासुरवाडीला आमरसात बुडालेला. पण बाप सालदार होता त्याचा. म्हणाला, "पहिले बोली, भाऊ." त्यांच्याच जोडीच्या शिंदखेड्याच्या ज्योत्स्नानंही तेच ऐकवलं.

इकडे ट्रकांची रांग वाढत शिंदखेड्याला टेकली. एका ट्रकमधली सरकी उभ्या उभ्या उगवली, बोंडं फुटली. ड्रायव्हरनं कापूस वेचून गादी भरली आणि तिच्यावर घोरत पडला.

प्रेमराजभाऊंचा पुन्हा फोन. "अर्धा रोज देतो. दुप्पट जमणार नाही."

"आबा, जोरात द्या झोका," भाविका म्हणाली.

दिवस कलता कलता मालकाच्या सहीचा कागद फोनवर आला. तिनं दोनदा वाचला.

"यात जितेंद्र आणि ज्योत्स्ना कुठे आहेत?"

कागद परत गेला, नावं घेऊन आला.

"आजचा दिवस धरून ना, भाऊ?"

पलीकडून हळूच आलं, "धरून."

तेव्हा कुठे पोरीनं झोका थांबवला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि चार मिनिटांत काटा चालू केला.

"आबा, भाऊ विचारताहेत, हे तुला शिकवलं कोणी?"

"मी शिकवलं म्हणून सांग," मी म्हटलं. "आणि मीही आज सुट्टीला बसलेलो होतो. माझा अर्धा रोज लिहायचा राहिलाय."