भिंतीचं दिग्दर्शन

मागच्या खोलीतल्या भिंतीला ओल आली तेव्हा बायकोने प्लंबरला लावायला फोन उचलला, आणि नवऱ्याने तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला. नवरा प्रायोगिक चित्रपट करत असे. प्रायोगिक म्हणजे ज्यात कोणी बोलत नाही, काही घडत नाही, आणि शेवटी दिवे लागले की पाचसहा माणसं एकमेकांकडे बघून गंभीरपणे मान डोलावतात, तसे. माणसाने निसर्गाकडे बघणं फार झालं, आता माणसाने बाजूला व्हावं आणि निसर्गालाच काय ते करू द्यावं, असं त्याचं म्हणणं होतं. ओलीवर बुरशी धरू लागली होती. सगळ्यांना ती बुरशी दिसली, त्याला जंगल दिसलं.

ठरलं असं, की चित्रपटाची दिग्दर्शक भिंत आणि तो नुसता साहाय्यक. श्रेयनामावलीतही पहिलं नाव भिंतीचंच. भिंतीची काही हरकत आली नाही.

भिंतीसमोर स्टँडवर कॅमेरा बसला आणि तासातासाला आपोआप एकेक चित्र टिपू लागला. खिडकी बंद झाली, पंखा बंद झाला. बुरशीला हवा दमट मिळावी म्हणून कॅमेऱ्याच्या पायाशी पाण्याने भरलेलं घमेलं आलं. आत जायचं तर चपला बाहेर, बोलणं नाही, श्वाससुद्धा बेताने. घरात देवघर होतं. त्याच्यासमोर उभा राहून हा गृहस्थ फोनवर मोठमोठ्याने गप्पा मारायचा. मागच्या खोलीचा मात्र गाभारा झाला.

बायकोला या सगळ्याची सवय होती. ती जाहिरातपटांची संकलक. दिवसभर साबण आणि बिस्किटं कापून जोडायची, आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचे चित्रपट जोडून द्यायची. मागे त्याने एका डबक्याचं आत्मचरित्र केलं होतं, तेही तिनेच निस्तरलं होतं. तिने भिंतीचंही मनावर घेतलं नसतं. पण ती खोली तिच्या आईसाठी ठरलेली होती.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आई राहायची तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागची खोली आईची, हे ओल यायच्या आधीपासून दोघांनी मिळून ठरवलं होतं. आता विषय काढला की नवरा म्हणायचा, भिंतीचं जरा होऊ दे. जणू भिंत बाळंतपणाला माहेरी आली होती.

तेव्हा आई आली ती बाहेरच्या सोफ्यावर. सोफा खोल आणि ठेंगणा. उठताना तिला टीपॉयची कड धरून पुढे झुकावं लागे, मग क्षणभर थांबून, ओठ मिटून वर यावं लागे. उभी राहिली की ती लेकीकडे बघून हसायची, काही झालं नाही असं दाखवायला. लेक त्या वेळी बहुतेक दुसरीकडे बघत असायची.

जावई सासूशी वाईट वागत होता असं नाही. संध्याकाळी तो तिच्याजवळ बसून पर्यावरणाचा विचार समजावून सांगायचा. निसर्ग आणि घर असं वेगळं काही नसतंच. आपण मालक नाही, भिंत, बुरशी आणि माणूस तिघंही इथले सारखेच रहिवासी, कोणी कोणाला हाकलायचं नाही. आई सगळं ऐकून घ्यायची. एकदा तिने एवढंच विचारलं, की तिघांपैकी खोली एकट्या बुरशीलाच कशी काय मिळाली. जावयाने हा प्रश्न मूलभूत असल्याचं सांगितलं आणि तो फोन घ्यायला उठला.

मग एके दुपारी घर मोकळं असताना आई काठी टेकत मागच्या खोलीत गेली. कोंदट वासाने तिला राहवेना. तिने खिडकी उघडली आणि उघडीच ठेवून आली.

संध्याकाळी नवऱ्याच्या ते लक्षात आलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो सोफ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आई, तुमचा दोष नाही. पण भिंत वाळायला लागली. ती आता मरेल."

आणि हे नेमकं कधी, तर चित्रपट महोत्सवाच्या बाई रविवारी यायच्या होत्या तेव्हा. या बाई चित्रपट निवडायच्या. भिंतीच्या चित्रपटाचा पहिला भाग बघून त्या भारावल्या होत्या. पांढऱ्या तंतूंचं ते जाळं कसं श्वास घेतल्यासारखं पसरतं, असं त्यांनी कळवलं होतं, आणि ती भिंत त्यांना प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायची होती.

जेवणं झाल्यावर आईने बॅग जवळ ओढली आणि साड्या आत ठेवायला लागली.

"हे काय चालवलंयस?" लेकीने विचारलं.

"मी आपली सोमवारी निघते गं. जावईबापूंच्या दिग्दर्शिका भिंतबाईंना माझा वारा सोसत नाही."

"आणि जिना?"

"बसत बसत चढेन. मागे मागे सरकत. मला काय, घाई थोडीच आहे."

लेकीच्या डोळ्यांसमोर आई तशी चढताना उभी राहिली, एकेका पायरीवर टेकत, काठी पुढे ठेवत. ती उठली, टेबलाशी जाऊन बसली आणि कॉम्प्युटर सुरू केला. रविवारच्या आत चित्रपटाचा दुसरा भाग जोडून संपवायचा, बाईंनी त्याला हो म्हटलं की लगेच खोली मागायची, असा तिचा बेत होता.

चित्रं एकामागून एक सरकू लागली. खिडकी बंद असतानाची, मग उघडल्यानंतरची. ओलीचा तपकिरी डाग उघड्या खिडकीने खरंच फिका झाला होता. पण तंतूंचं जाळं जोमात होतं. खिडकी उघडल्यावर तर ते वरच्या कोपऱ्याकडे आणखी सरकलं होतं. म्हणजे आईने काही मारलं नव्हतं. तिला बरं वाटलं आणि लगेच नवलही वाटलं. ती मागे मागे गेली. महिन्याभरापूर्वी नवऱ्याने कॅमेरा जरा उजवीकडे वळवला होता, पाण्याचा पाइप चौकटीत यावा म्हणून. त्या जागी भिंतीवरचा डाग डावीकडे सरकला. खिळा सरकला. जाळं जिथल्या तिथे.

तिने ती दोन चित्रं पुन्हा पुन्हा पुढेमागे केली. मग नवऱ्याला हाक मारली.

"डाग बघ," ती म्हणाली. "आता जाळं बघ."

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो मागच्या खोलीत गेला, कॅमेरा घेऊन आला, पुढचं भिंग काढलं आणि आतली काच दिव्यासमोर धरली. काचेवर पांढरं, नाजूक, फांद्याफांद्यांचं जाळं पसरलं होतं. भिंतीसाठी ठेवलेल्या घमेल्यातलं पाणी भिंतीला फारसं लाभलं नव्हतं. कॅमेऱ्याला ते चांगलंच मानवलं होतं. जगाने ज्याला जंगल म्हटलं ते जाळं भिंतीवर कधी उगवलंच नव्हतं; तिथे होते ते नुसते बुरशीचे ठिपके.

"कॅमेरे साफ करणाऱ्याचं दुकान आता उघडं असेल का गं?" सगळ्या रहिवाशांना सारखं मानणाऱ्या माणसाचे हे पहिले शब्द.

"साफ कशाला?" ती म्हणाली. "दिग्दर्शकालाच पुसून टाकणार?"

तो खुर्चीत बसला. त्याचा चेहरा इतका उतरला की तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. बाईंना काय सांगायचं, असं तो पुटपुटत राहिला. तिने चहा करून त्याच्यापुढे ठेवला. नवऱ्याला ती ओळखून होती. चहाचा कप संपायच्या आत त्याचे डोळे पुन्हा चमकायला लागले. म्हणजे बघ, तो म्हणाला, आपण निसर्गाकडे बघत होतो आणि निसर्ग बघणाऱ्याच्याच डोळ्यात येऊन बसला. बाहेर असं काही नसतंच! हेच तर मला म्हणायचं होतं. पहिल्यापासून.

"पहिल्यापासून," तिने मान डोलावली. "म्हणजे भिंतीचं काम नाही आता."

"भिंतीचं तसं नाही. पण खोली मात्र..."

"जाळं कॅमेऱ्यात आहे. कॅमेरा मावतो हातात. त्याला खोली लागत नाही."

नवऱ्याने खोलीतली शांतता, खोलीतला दमटपणा असं बरंच काही काढलं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटर बंद केला. दुसरा भाग ती जोडून देईल, रविवारच्या आत देईल. पण आधी प्लंबरला फोन त्याने करायचा, स्वतःच्या हाताने, आणि त्याच्याही आधी आईपाशी जाऊन खिडकीचं खरं काय ते सांगायचं. नाहीतर चित्रपटही निसर्गालाच जोडू दे. माणसाने बाजूला व्हावं हे तिलाही आता पटलं होतं.

तो गेला. आई सोफ्यावर बॅगेच्या चेनशी झटत बसली होती. दृष्टी आणि द्रष्टा यांच्यातली सीमा कशी पुसट असते, इथून त्याने सुरुवात केली. आई ऐकत राहिली. तो दमला तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे खिडकीने काही झालं नव्हतं ना?"

"नाही," तो म्हणाला. आणि मग खाली बघत, "माझं चुकलं, आई."

आईने चेन ओढायची सोडून दिली.

रविवारी बाई आल्या तेव्हा मागच्या खोलीत प्लंबर पाइप उघडून बसला होता आणि भिंतीचा गिलावा निम्मा खरवडून झाला होता. बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या कॅमेऱ्याच्या पोटात डोकावून धन्य झाल्या, आणि तिसरा भागही हवाच म्हणाल्या.

भिंत वाळली, रंग लागला, उंच पलंग आला, आणि आईच्या साड्या बॅगेतून कपाटात गेल्या. कॅमेऱ्याला दमट जागा हवी होती; त्याची सोय न्हाणीघरातल्या फळीवर झाली. जंगल जगावं म्हणून सगळ्यांनी गरम पाण्याने जरा सावकाश अंघोळ करावी, अशी जावयाने हात जोडून विनंती केली. कलेसाठी एवढं सहकार्य आईने अगदी मनापासून केलं. न्हाणीघर अडलं म्हणून दारावर टकटक झाली, की आतून शांत आवाज यायचा, "थांबा जावईबापू, अजून उगवतंय."