मात्रोनामावशीचा होकार

मात्रोनामावशीला फोनवर बोलायला लावायचं म्हणजे संकटच. दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या आमच्या नुशागाक नदीकाठची माणसं समोरासमोर बसून बोलतात आणि मध्येच खुशाल गप्प बसतात. फोनवर गप्प बसलं की पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करून डोकं खातो.

पण त्या फेब्रुवारीत राजधानीत विधेयक आलं होतं. लाल सॅमन मासे ज्या ओढ्यांत अंडी घालतात, त्यांच्या उगमाशी मोठी खाण खणायला कायद्यानेच बंदी! समिती फोनवरून साक्षी घेणार होती, माणशी दोन मिनिटं. मावशीच्या पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

“उन्हाळ्यापर्यंत मी असेन नसेन,” ती म्हणाली. “एवढं बोलून जाते. तू चल दुभाषी म्हणून. तुझं तोंड नाहीतरी दिवसभर चालतंच.”

“चालतं म्हणून तर तुझी कामं होतात,” मी म्हटलं.

पंचायतीच्या खोलीत आम्ही बाराजणं टेबलावरच्या फोनभोवती बसलो. मावशी आमच्या युपिक भाषेत बोलली, मी इंग्रजीत सांगत गेले. वरच्या ओढ्यात पाणी इतकं नितळ, की खडीतली अंडी वरून दिसतात. त्यावर गाळ बसला की ती गुदमरतात. तिच्या आईने याच माशांवर नऊ पोरं वाढवली. काय छान बोलली माझी बाई!

मग अध्यक्षांनी विचारलं, “आजी, नोंदीसाठी सांगा. तुमचा या विधेयकाला पाठिंबा आहे का? हो की नाही?”

मी प्रश्न युपिकमध्ये सांगितला. मावशीने भुवया उंचावल्या.

आमच्यात हाच ‘हो’. शाळेत पोरं हजेरी अशीच देतात, लग्नाला होकारही असाच मिळतो. खोलीतल्या सगळ्यांनी तो पाहिला. म्हातारा एव्हान तर डोळे पुसायला लागला. आणि मी, दुभाषी म्हणून नेलेली मी, मूर्खासारखी मान डोलवत बसले! फोनला डोळे नसतात हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

“उत्तर नाही,” पलीकडून आवाज आला. “पुढचे साक्षीदार.”

मी “थांबा, थांबा” करेपर्यंत लाइन दुसऱ्या गावाला गेली होती. पुन्हा फोन लावला, तर वेळ संपलेली.

एप्रिलमध्ये कळलं, विधेयक समितीतच बारगळलं. एका साक्षीने ते तरलं असतं असं नाही, तेवढं मला कळतं. पण साक्षींची छापील यादी आली आणि मावशीने आपली ओळ वाचून दाखवायला सांगितली. खोटं बोलायचं ठरवूनच मी कागद उघडला होता. तिच्या तोंडाकडे पाहून ते जमलं नाही.

“मत नाही, असं लिहिलंय.”

ती म्हणाली, “म्हणजे त्यांना वाटलं, मला नदीचं काहीच वाटत नाही?”

“मी दुरुस्त करून घेते,” म्हटलं, आणि हात धुऊन मागे लागले. तीन पत्रं लिहिली, फोन केले, भांडले. शेवटी जूनमध्ये टपालाच्या विमानाने दुरुस्तीचा फॉर्म आला. साक्षीदाराने तो स्वतः भरून सही करायची होती. मावशीला पुरून तेव्हा नऊ दिवस झाले होते.

फॉर्मवर एकच प्रश्न होता: विधेयकाला पाठिंबा आहे का?

पोस्टाच्या खिडकीशी उभी राहून मी मोठ्याने “हो” म्हटलं. मग आणखी मोठ्याने.

खिडकीतल्या नताल्याने वर पाहिलं. “कुणाला सांगतेस गं?”