शाल, श्रीफळ आणि लशीचा डबा

मी एक जुना लशीचा डबा आहे. दवाखान्यातली माणसे मला व्हॅक्सिन कॅरियर म्हणतात, गावातली माणसे निळा डबा म्हणतात आणि पुण्यातल्या एका निमंत्रणपत्रिकेत माझा उल्लेख 'इत्यादी' असा झाला होता. मित्रांनो, औषधे घेऊन डोंगरापलीकडे उडणाऱ्या ड्रोनचा फोटो तुम्ही पाहिला असेल, तर त्याच्या पोटाखाली लटकणारा तो मी. फोटोत मी बहुधा अर्धाच आलेला असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फोटो काढणाऱ्यांची अक्कल मी जवळून पाहिली आहे, त्यामुळे त्यांच्याकडून फार अपेक्षा नव्हतीच.

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकच्या दोन भिंतींमध्ये फेस ओतला, तो फुगून घट्ट झाला आणि मी तयार झालो. माझ्या आत चार बाजूंना चार आइसपॅक उभे राहतात आणि मधल्या जागेत लशीच्या कुप्या बसतात. झाकण नीट लावले की आतला गारवा दिवसभर हलत नाही. एवढेच माझे शिक्षण. पण ते मी मन लावून घेतले आहे, आणि पुढे ज्यांच्या संगतीत मला राहावे लागले त्यांच्यातल्या पुष्कळांपेक्षा ते जास्त भरते.

कारखान्यातून मी पुण्याच्या एका कोठारात आलो. तिथे सहा महिने माझे काम काय होते? तिथला कारकून माझ्यावर उभा राहून पंख्यावरची धूळ पुसत असे. एकदा एका साहेबांच्या ड्रायव्हरने माझ्यातून आइस्क्रीम घातलेली मस्तानी नेली. घरी पोचेपर्यंत ती वितळली नाही म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक. कशाबद्दल झाले, ते पाहा.

मग मला कौशल्याबाई मिळाल्या. पानशेतच्या धरणामागे, डोंगराच्या कुशीत कोंडेमाळ नावाची वस्ती आहे, तिथल्या उपकेंद्राच्या त्या नर्स. बारा वर्षे मी त्यांच्या खांद्यावर होतो. मोठ्या दवाखान्यातून लस घ्यायची, मला भरायचे, एसटीने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे आणि पुढे पायी. बाई मला भरण्याआधी प्रत्येक आइसपॅक कानाशी धरून हलवत. आत पाण्याचा डुबुक आवाज आला की मगच तो माझ्यात ठेवत. फार कडक गोठलेला पॅक शेजारच्या कुपीलाही गोठवतो आणि गोठलेली लस फुकट जाते. हे त्यांना कोणी दोनदा शिकवले नव्हते. एकदा सांगितले, त्यांनी ऐकले. पुढे मला कळले की ऐकणारी माणसे फार दुर्मीळ असतात.

तीन वर्षांपूर्वी बिबवेवाडीतल्या एका कंपनीने मालवाहू ड्रोन केला. कंपनीचे मुख्य आमोदसर. मोठा देखणा ड्रोन होता आणि नाव काय, तर 'आरोग्यझेप'. ते ठरवायला म्हणे चार बैठका झाल्या. ड्रोनला जोडायला त्यांनी स्वतःचा डबाही केला, पांढराशुभ्र, त्यावर कंपनीचे चिन्ह. भर उन्हात चाचणी घेतली तर दोन तासांत त्याच्या आत शिरा शिजेल इतका उकाडा. तेव्हा ड्रोन चालवणारी तनया नावाची मुलगी थेट कोंडेमाळला गेली आणि तिने कौशल्याबाईंकडून मला मागून आणले. बाईंनी मला दिले, पण तनयाकडून आइसपॅक कानाशी धरून हलवण्याचा सराव करून घेतला आणि मगच दिले.

खरे सांगतो, ड्रोनचा मला रागच होता. नुसता वारा घालतो, धुरळा उडवतो आणि फोटो निघाले की सगळे श्रेय घेतो. पण पहिल्या चाचणीत आम्ही डोंगर ओलांडला तेव्हा तो राग निम्मा उतरला. बाईंना ज्या वाटेला सहा तास लागत, ती आम्ही पंचवीस मिनिटांत संपवली. ड्रोन वाईट नव्हता. त्याला घेऊन मिरवणारे कसे होते, तेच आता सांगतो.

त्या वर्षी घाटात दरड कोसळली आणि कोंडेमाळची एसटी बंद पडली. अशात एका सकाळी गोठ्यात शेण काढताना मैनाला पिसाळलेला कुत्रा चावला. मैना म्हणजे कोंडेमाळचीच लेकुरवाळी बाई. तिचे बाळ जेमतेम चार महिन्यांचे. कुत्रा तिचा हात फोडून गेला आणि दुपारपर्यंत ओढ्यात मरून पडला. कौशल्याबाईंनी तिचा हात साबणाने पाव तास धुतला. रेबीजची लस उपकेंद्रात संपलेली होती. मैना लगेच चालत निघायला तयार झाली होती, पण तनयाने फोनवर सांगितले, "सिस्टर, तिला चालवू नका. उद्याच आपली पहिली अधिकृत फ्लाइट आहे. अकराला लस तुमच्या हातात, प्रॉमिस." म्हणून मैना थांबली. मित्रांनो, हे थांबणे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी उड्डाण व्हायचे होते ते रणजितभाऊंच्या शेतातून. शहराच्या कडेचे त्यांचे गाव आता महापालिकेत आले आहे आणि भाऊ जमीनदाराचे बिल्डर झाले आहेत. शेतात मांडव, सतरंज्या, मोठा पडदा, लाल फीत. तनयाने मला सकाळी नऊला भरले. चार पॅक, पाच कुप्या, झाकण घट्ट. अकरा वाजले. पाहुणे आले नाहीत. कोण पाहुणे, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. सगळे त्यांना 'साहेब' म्हणत.

तनया म्हणाली, "सर, आपण उडवून घेऊ या ना. तिकडे पेशंट वाट बघतेय. फीत नंतर कापा."

रणजितभाऊ मधेच बोलले, "आवो म्याडम, पाहुणं यायच्या आदी उडवलं तर मग उद्घाटन कशाचं करायचं? मोकळ्या शेताचं?"

आणि आमोदसर, इतके शिकलेले, परदेशात राहून आलेले, त्यांनी मान डोलावली. बारा वाजले. एक वाजला. मी मांडवाबाहेर टेबलावर उन्हात बसून होतो. आतला गारवा मी सोडला नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर मांडवात लोक थंडगार पन्हे पीत होते.

पावणेदोनला साहेब आले. फीत कापली. ड्रोनला हार घातला, तो पात्यांत अडकेल म्हणून तनयाने काढला, तर भाऊंनी परत घातला. तेवढ्यात कोणाला तरी सुचले की पलीकडे ज्या नर्सबाई लस घेणार आहेत, त्यांचाही सत्कार व्हायला हवा. तोही ड्रोनने! पडद्यावर सगळ्यांना दिसेल. टाळ्या. लगेच शाल आली, श्रीफळ आले. आता ते ठेवायचे कुठे? माझ्यात. माझ्यात जागा कुठे आहे? आमोदसरांनी माझे झाकण उघडले, आत पाहिले आणि चारही आइसपॅक काढून सतरंजीवर ठेवले.

तनया तेव्हा यंत्रापाशी होती. ती धावत आली. "सर, आइसपॅक काढलेत? लस खराब होईल!"

"अगं, पंचवीस मिनिटांची फ्लाइट आहे. डोंट पॅनिक," आमोदसर हळूच म्हणाले. "आणि शाल आहे ना भोवती. सेफ राहील."

शाल! लोकरीची! जणू लशीला थंडी वाजत होती. मित्रांनो, या माणसाच्या कार्यालयात भिंतीवर अकरा प्रमाणपत्रे आहेत. त्यातले एकही त्याला त्या क्षणी उपयोगी पडले नाही. नारळ कुप्यांच्या उरावर बसला आणि झाकण पुरते लागेना, म्हणून वरून चिकटपट्टी मारली. तनयाने विरोध केला, तेव्हा साहेबांच्या हातात बटण देऊन झालेले होते. मी उडालो. इतकी लाज मला मस्तानी नेतानाही वाटली नव्हती.

कोंडेमाळच्या खळ्यात आम्ही उतरलो, तेव्हा मैना बाळाला घेऊन सकाळपासून तिथेच बसलेली होती. कौशल्याबाईंनी चिकटपट्टी सोडवली. आधी शाल निघाली. मग नारळ. मग कुप्या. बाईंनी एक कुपी तळहातावर धरली. ती चांगली कोमट लागत होती. माझ्यातला तापमापक त्यांनी दोनदा पाहिला. इकडे फोनच्या व्हिडिओ कॉलवरून आमोदसरांचा आवाज, "सिस्टर, कॅमेऱ्याकडे बघा! शाल खांद्यावर घ्या, नारळ जरा वर धरा!" मागे टाळ्या वाजत होत्या.

बाईंनी विचारले, "अहो, बर्फ कुठंय?"

टाळ्या चालूच होत्या. बाईंनी आवाज चढवला, तेव्हा मांडवातल्या कर्ण्यांतून तो सगळ्यांना ऐकू गेला. "बर्फ कुठंय म्हणते मी! दुपार झाली, बाई सकाळपासून बसलीय. ही लस मी टोचायची नाही."

मैनाने शालीकडे पाहिले, नारळाकडे पाहिले. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "बाई, काल म्या चालत गेले असते तर कवाच पोचले असते."

ते ऐकून मला फुटून जावेसे वाटले. माझ्यासारखा डबा फुटत नाही, हे दुर्दैव.

कौशल्याबाईंनी मांडवाचा कॉल बंद केला, शालीची घडी घातली, तशीच माझ्यात ठेवली, वर नारळ ठेवला आणि झाकण दाबले. मग तनयाला फोन लावून म्हणाल्या, "तनया, तुमचं सामान परत पाठवतेय. ती जागा बर्फाची आहे. साडेचारपर्यंत उडायची परवानगी आहे ना तुम्हाला? मी इथंच उभी आहे."

परत आलो तेव्हा साहेबांचे भाषण सुरू होते. विषय होता, शेवटच्या माणसापर्यंत आरोग्य. आमोदसरांनी मला उचलून व्यासपीठावर नेले, कारण आता माझा सत्कार व्हायचा होता. माझ्या कपाळावर कुंकू लावले. माझ्या पोटात परत आलेला नारळ होता, हे त्यांना माहीत नव्हते. तनया मात्र जवळच्या दवाखान्याच्या फ्रीजमधून नव्या कुप्या आणि नवे पॅक घेऊन आली होती. ती सरळ व्यासपीठावर चढली, तिने साहेबांच्या समोरून मला उचलले, झाकण उघडले आणि शाल नि नारळ काढून आमोदसरांच्या हातात दिला.

"हे काय?" आमोदसर म्हणाले.

"सिस्टरनी परत पाठवलंय," तनया म्हणाली. "त्यांना बर्फ हवा होता."

मग तिने चारशे माणसांसमोर एकेक आइसपॅक कानाशी धरून हलवला. पुढच्या रांगेत कोणीतरी हसले. ती थांबली नाही. डुबुक ऐकू आले तेव्हाच एकेक पॅक आत गेला. तीन चाळीसला आम्ही उडालो. साहेबांचे शेवटच्या माणसाबद्दलचे वाक्य पात्यांच्या आवाजात बुडाले, आणि तो ड्रोन मला त्या क्षणी पहिल्यांदा मनापासून आवडला.

चार वाजून दहा मिनिटांनी बाईंनी मैनाला पहिले इंजेक्शन दिले. पुढची चार इंजेक्शनेही ठरल्या दिवशी दिली. त्या चारही फेऱ्या आम्हीच केल्या. त्या फेऱ्यांना मांडव नव्हता, पन्हे नव्हते आणि एकही पाहुणा नव्हता, म्हणून त्या सगळ्या वेळेवर झाल्या. मैना आज धडधाकट आहे. तिचे बाळ आता माझ्यावर बसून पाय हलवते, ते मी चालवून घेतो.

तुम्ही म्हणाल, मग गोष्ट गोड झाली. थांबा. सहा महिन्यांनी कंपनीला 'चाचणी यशस्वी' असे पत्र मिळाले आणि पत्र मिळाले म्हणून उड्डाणे बंद झाली. चालते आहे हे सिद्ध झाले, आता चालवायची गरज काय, असा काहीसा तो शहाणपणा असावा. तनयाकडे व्यासपीठावरच्या वागणुकीबद्दल खुलासा मागितला. तिने एका ओळीत खुलासा दिला आणि नोकरी सोडली. मी परत कौशल्याबाईंच्या खांद्यावर आलो. बाईंचे गुडघे आता दुखतात. चढावर त्या तीनदा थांबतात, आणि वर आकाशाकडे एकदा तरी पाहतातच. तिथे काही नसते.

तो ड्रोन आता बिबवेवाडीच्या कार्यालयात काचेच्या कपाटात उभा आहे. पंचवीस मिनिटांत डोंगर ओलांडणारा तो गडी, त्याच्या पात्यांवरची धूळ दर सोमवारी पुसतात. कपाटासाठी मलाही न्यायला माणूस आला होता. बाईंनी त्याला दारातूनच विचारले, "आणि उद्या पोलिओची लस कशात नेऊ, तुमच्या टोपीत?" तो गेला. मग कंपनीने माझ्यासारखा दिसणारा एक निळा ठोकळा करून ड्रोनखाली लावला. गेल्या रविवारी तनया वस्तीवर आली होती, तिने तो पाहिला आहे. ती बाईंना सांगत होती, रंग हुबेहूब आहे, पट्टाही तसाच आहे. फक्त त्याला झाकण नाही. आतून भरीव आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका, असे. मला त्यातले काही नको. तुमच्या शाळेची सहल कधी त्या काचेसमोर गेली, आणि कोणी सूटबूटवाले गृहस्थ तुम्हाला आरोग्यझेपची कहाणी सांगून टाळ्या वाजवायला म्हणाले, तर हात खाली ठेवा. त्या ठोकळ्याकडे बोट दाखवा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारा, "काका, हा उघडतो कुठून?"