गुडघ्याचं चूर्ण

बनुबाईचे गुडघे धरले, तेव्हा लालासाहेबांनी करायचं काही बाकी ठेवलं नाही. तेल झालं, शेक झाला, पट्टे झाले. शेवटी वडूजच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि बनुबाईनं रडून घर डोक्यावर घेतलं. तेवढ्यात तिची धाकटी बहीण हौसाबाई इस्लामपूरहून चूर्णाचा डबा घेऊन आली.

"दाजी, नुसता झाडपाला हाय ह्यो. गोळ्यावानी अपाय न्हाई. मी सोता घेतीया."

डब्यावर हिरवं पान छापलेलं होतं. बनवणाऱ्याचं नाव कुठं दिसत नव्हतं. पण फौजेतून सुभेदार होऊन आलेल्या लालासाहेबांना एकदा पटलं की पटलं. रोज सकाळी ते स्वतः कोमट पाण्यात चमचाभर चूर्ण कालवायचे आणि बायको शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभे राहायचे.

आणि गुण आला! बघता बघता बनुबाई काठी सोडून रानात खुरपायला जाऊ लागली. पुतण्याच्या हळदीत नाचली. तोंड गोल, लालबुंद झालं तशा बायका म्हणाल्या, "बनुबाईच्या अंगाला लागलं बगा." लालासाहेबही मिशीत हसले. मग पोट सुटत गेलं, हातपाय मात्र काड्या होत चालले. कुठं जरा लागलं की कातडी काळीनिळी पडायची. वय झालं, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

शिरवळच्या कंपनीत कामाला असलेला मुलगा कृष्णात सणाला आला आणि आईकडं बघतच राहिला.

"आबा, आईला काय झालंय? असल्या चूर्णात चोरून स्टिरॉइड घालत्यात, कंपनीतल्या एकाच्या बापाचं असंच झालं. आधी बंद करा त्ये."

लालासाहेबांनी विचार करायला वेळ घेतला नाही. डबा उचलला आणि उकिरड्यात उपडा केला. कृष्णात सुट्टी संपवून कामावर गेला.

तो गेला आणि बनुबाईनं अंथरूण धरलं. अन्न पोटात ठरेना, उठून बसायचं त्राण उरलं नाही. एका सकाळी हाक मारली तर ओ सुद्धा देईना. शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिला साताऱ्याला दवाखान्यात नेलं.

सलाईन लावून झाल्यावर तिथल्या डॉक्टर पल्लवी बाहेर आल्या. "कसलं औषध चालू होतं?"

"औषध न्हाई. झाडपाल्याचं चूर्ण. पर त्ये आमी बंद केलंय."

"एकदम?"

"व्हय. वाईट हाय कळल्यावर घरात कशाला ठेवू?"

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "बाबा, लक्षणांवरून त्यात स्टिरॉइडच असणार. ते बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. मग एका दिवसात बंद केलं की माणूस असा कोसळतो. ते हळूहळू उतरवावं लागतं."

लालासाहेब आपल्या दोन्ही हातांकडं बघत राहिले. "म्हंजी, दिलं त्ये बी म्याच. आन थांबवलं त्ये बी म्याच."



एकदम आठवण होऊन त्यांनी हौसाबाईला फोन लावला. सगळं ऐकून ती घाबरी झाली. "आगं बाई! मग आजपास्नं घेतच न्हाई मी."

"बंद करू नगंस!" लालासाहेब ओरडले. व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. त्यांचा आवाज खाली आला. "घे म्हनत न्हाई मी... पर सोडू बी नगंस. आजच्या आज डॉक्टरला दाव. डबा संगं ने."

"डॉक्टर गुडघं कापा म्हनंल, दाजी. आन मी काय पडलीया का आजारी? मला लय बरं वाटतंय."

फोन बंद झाला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. तिनं काही उचलला नाही.

बनुबाई वाचली. घरी आली ती स्टिरॉइडच्याच, पण मोजून-मापून कमी करायच्या गोळ्या घेऊन. गोळ्या उतरत गेल्या तसे गुडघे परत पेटले, आधीपेक्षा दुप्पट. हाडंही ठिसूळ झालीत, आता ऑपरेशनचं नाव इतक्यात काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं.

परसात जायचं तरी लालासाहेबांना तिला काखेत हात घालून उचलावं लागतं. परवा अशीच उठवताना ती मध्येच थांबली. घामानं डबडबली होती.

"आवं, हौशीकडं आसंल की त्ये. चिमूटभर आना. म्या कुणाला सांगत न्हाई."

लालासाहेबांनी मान हलवली. ती रडली, मग चिडली, मग त्यांच्या सदऱ्याला धरून पुन्हा तेच मागत राहिली. ते तिला सावरून धरून तसेच उभे राहिले.