गब्दूला विचार!

मुलांनी काहीही विचारलं तरी मान 'हो' म्हणूनच हलवायची, हा कंपनीचा नियम. त्याच्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, चहा-बिस्किटांसकट. आणखीही नियम होते: अस्वलाच्या आत माणूस आहे हे मुलांना कळू द्यायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. पण खरा नियम होकाराचा. "घरी नाही म्हणणारे पुष्कळ असतात, आपण वेगळे," असं शिकवायला आलेला टायवाला म्हणाला होता आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन हसला होता.

ती हुशारी मग फलकावर चढली. गुलाबी अक्षरांत, सात-आठ वर्षांच्या पोराच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा बेतानं: 'आई नको म्हणते? गब्दूला विचार!' गब्दू म्हणजे अस्वल. आणि विचारायचं कशाबद्दल, तर दुधात ढवळायच्या शक्तीच्या पावडरीबद्दल. तिच्यात शक्ती किती ते देव जाणे, साखर मात्र ठासून भरलेली. आईच्या तोंडावर तिच्याच लेकराला उलटवायचं आणि वर त्याला 'मुलांशी मैत्री' म्हणायचं! असल्या मैत्रीला जोड्यानं मारलं पाहिजे.

गब्दूच्या आतला माणूस पूर्वी छापखान्यात होता. आठ महिन्यांपूर्वी छापखाना बंद पडला तेव्हा मिळेल ते काम धरलं, आणि मिळालं ते हे. घरी बायकोला माहीत होतं. सात वर्षांच्या चिमीला 'बाबा जाहिरातीच्या कामावर आहेत' एवढंच सांगितलेलं. तसं ते खोटंही नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी चिमीला मधुमेह निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा लहान मुलांना होणारा प्रकार आहे, तुमच्या खाऊ घालण्यानं झालेला नाही, उगाच स्वतःला बोल लावून घेऊ नका." पण दिवसातून चार इंजेक्शनं, आणि तोंडात जाईल ते सगळं मोजून. मागच्या महिन्यात शेजारच्या वाढदिवसाला पोर चोरून दोन ग्लास सरबत प्यायली, त्यात ताप भरला, आणि तीन दिवस ती सलाईनवर होती. पुन्हा असं होऊ देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं. त्या तीन दिवसांनंतर चौथ्या दिवशी हा बाबा अस्वल चढवून दुसऱ्यांच्या मुलांपुढे माना डोलवत होता. दुसरी नोकरी बघू, बघू म्हणत होता. बघत मात्र नव्हता.

त्या दिवशी ठरलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी आयत्या वेळी स्टॉल लावायला साफ नकार दिला. असेही असतात काही. गाडी दुसऱ्या शाळेकडे वळली. मागच्या बंद भागात बसलेल्याला कुठली शाळा ते कळायचा प्रश्नच नव्हता. त्यानं डोकं चढवलं, खाली उतरला, अस्वलाच्या तोंडातल्या जाळीतून बघितलं. निळं फाटक. ही चिमीची शाळा.

तो मागे वळला, तर स्टॉल सांभाळणाऱ्या बाईंनी पंजाच धरला. या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत.

"कुठं निघालात? लाइन लागलीय!"

तो आतून कुजबुजला, "माझी मुलगी आहे इथं."

"अरे वा! मग जोरात हलवा मान," असं म्हणून बाईंनी शिट्टी फुंकली.

शाळेला कंपनीनं नवी घसरगुंडी दिली होती, तेव्हा शाळाही मिंधी. शिक्षिका मोबाईलवर फोटो काढण्यात दंग. मुलं टेबलावरून पावडर ढवळलेल्या दुधाचे ग्लास उचलत, गब्दूसमोर येत, "पिऊ?" विचारत. मान डोले, टाळ्या पडत, ग्लास रिकामा होई. तो डोलवत होता आणि रांगेवर डोळे लावून होता. शाळेतल्या बाईंनी चिमीला वर्गातच बसवलं असेल, असं मनाला समजावत होता.

नव्हतं बसवलेलं. दोन्ही हातांत ग्लास सांभाळत चिमी पुढे आली आणि अगदी जवळ येऊन हळूच बोलू लागली.

"गब्दू, मला ना शुगर आहे. बाबा म्हणतात, मोजल्याशिवाय काही प्यायचं नाही. पण बाबा सगळ्यालाच नाही म्हणतात. तू सांग ना, पिऊ?"

त्यानं मान डावी-उजवीकडे हलवायला जोर लावला. पण त्या मानेत स्प्रिंग होती, वर-खालीच जाईल अशी बसवलेली. करणाऱ्यांनी नकाराला जागाच ठेवली नव्हती! तो जितका झटके देऊ लागला, तितकं ते भलंमोठं डोकं जोरजोरात डोलू लागलं. हो, हो, हो. मुलं खदखदून हसली. चिमीचा चेहरा फुलला, आणि तिनं ग्लास ओठांना लावला.

त्यानं दोन्ही पंजांनी डोकं उपटून जमिनीवर आपटलं.

"चिमे, नाही!"

ग्लास त्यानं पंजानंच उडवला. दूध तिच्या गणवेशावर सांडलं. मुलं किंचाळली. अस्वलाच्या धडावर बाबांचं घामेजलेलं तोंड बघून चिमीला आधी रडूही फुटेना.

"डोकं घाला! आधी डोकं घाला!" शिट्टीबाई धावत आल्या.

"तिला साखरेचा आजार आहे!"

"मग तिला गुपचूप बाजूला घ्यायचं! बाकीच्या पोरांसमोर हा काय तमाशा?"

"तमाशा तुम्ही मांडलाय," तो ओरडला. आठ महिने तोंड दाबून ठेवलेला माणूस, त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "मुलांनो, ठेवा ते ग्लास खाली! नुसती साखर आहे त्यात. शक्ती नाही, काही नाही. आई नको म्हणते ना, ती खरं सांगते!"

काही ग्लास खाली ठेवले गेले. चिमी आता हुंदके देत त्याच्या केसाळ पायाला बिलगली होती. पोर वाचली, एवढंच त्याला त्या क्षणी कळत होतं.

तेवढ्यात टेबलाजवळ उभी असलेली दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली. तिच्या हातातला ग्लास अर्धा झाला होता.

"मघाशी मला तर हो म्हणालास," ती म्हणाली.

तो तिच्यासमोर खाली वाकला.

"मी पण सांगितलं होतं तुला, आई नको म्हणते म्हणून. तरी हो म्हणालास."

"चुकलं माझं, बाळ. आण तो ग्लास इकडे." त्यानं पंजा पुढे केला.

तिनं ग्लास छातीशी धरला आणि एक पाऊल मागे सरकली.

"तिचा बाबा आहेस म्हणून तिला नाही म्हणालास," ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे रोखून बघत तिनं उरलेलं दूध घटाघटा पिऊन टाकलं.