धोंडा मोजायचा नसतो

सुरतेतल्या आमच्या भेस्तानच्या गल्लीत मला पंचांगमावशी म्हणतात. संकष्टीला चंद्र किती वाजता, पितरांची तिथी कुठल्या वारी, हे विचारायला बाया माझ्या दारात येतात. आमचे हे, शालिग्राम, पलसाण्याला डाईंग मिलमध्ये मास्तर आहेत. ते म्हणतात, हिला पगाराची तारीख विचारू नका, एकादशी विचारा. मी हसते. सोमवार, चतुर्थी, एकादशी, अधिकातलं दीपदान, यातलं सत्तावीस वर्षांत काही चुकलेलं नाही. मोजण्यात मी चुकत नाही, असं मलाही वाटायचं.

यंदा श्रावण दोन होते. आधी अधिक, म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना, मग निज. निज श्रावणाच्या पहिल्या सोमवारी नागपंचमी होती. दुपारी पूजा आटोपून मी फराळाची भगर चढवत होते, तेवढ्यात नूतनचा फोन आला.

नूतन माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली, तेव्हापासून तिला मीच आई. दोंडाईच्याच्या पुढे एका खेड्यात दिली आहे. दोन मुली, दोन्ही वेळा पोट फाडलेलं. दुसरीच्या वेळी रक्तदाब एवढा चढला की झटके आले, तीन दिवस शुद्ध नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, पुन्हा दिवस राहिले तर बाईच्या जिवाला धोका. मग ऑपरेशन करून टाकायचं ना. पण सासूने करू दिलं नाही. वंशाला दिवा हवा होता.

आणि आता दिवस राहिले होते.

ती हळू बोलत होती, गोठ्यातून फोन केला असावा. म्हणाली, तालुक्याला जाऊन आले. तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, मुलं किती. दोन मुली म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. दोन मुली असलेल्यांचा गर्भपात आम्ही करत नाही, उद्या आमच्यावर केस होते, म्हणाल्या. जुना कागद पुढे केला तर तोही वाचला नाही. मग जिल्ह्याच्या गावी गेली, दोन एसट्या बदलून. तिथे करणारे डॉक्टर पंधरा दिवस रजेवर. योगराज, तिचा नवरा, साधा माणूस. आईसमोर त्याचं तोंड उघडत नाही, पण तो म्हणाला होता, सुरतला मावशीकडे जा, तिथे होईल.

खरं सांगायचं तर माझ्या हाताला अजून पूजेचं कुंकू होतं. मनात आलं ते विचारून टाकलं, की कुठे बघून तर नाही ना आलीस? मुलगी आहे म्हणून?

फोनवर गाय हंबरली. मग ती म्हणाली, "माले जगनं शे, मावशी. दोन पोरी शेतस मन्या."

मला माझीच लाज वाटली. विचारलं, पाळी कधीची? म्हणाली, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. माहेरी गेली होती, आणि नेमकी बाजूला बसली म्हणून गौराईला हात लावता आला नाही, ते तिच्या पक्कं लक्षात होतं.

"चार व्हयनात ना, मावशी?" तिने विचारलं.

मी बोटांवर मोजलं. वैशाख तृतीया ते ज्येष्ठ तृतीया एक, आषाढ दोन, श्रावण तीन. वर दोन दिवस. "तीन झाले," मी म्हटलं. "धोंडा मोजायचा नसतो, बाई."

ती तिच्या बोटांवर बरोबर मोजत होती. मी तिला चुकवलं.

ती दुसऱ्याच दिवशीच्या गाडीने निघणार होती. मीच म्हटलं, घाई काय, पाच महिन्यांपर्यंत करतात. माझं सोळा सोमवारांचं उद्यापन चौथ्या सोमवारी आहे, घर भरलेलं असेल. तुझ्याकडेही पोळा आहे, बैलांना नैवेद्य न करता सून निघाली तर सासू विचारेल. पोळा होऊ दे, मग ये. ती हो म्हणाली. ती नेहमीच हो म्हणते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती पहाटे निघाली. गाडी दुपारी उधन्याला पोहोचली. मी फलाटावर होते. पदराखाली पोट दिसत होतं. पाय सुजून चपलेचा पट्टा रुतला होता. तिसरी खेप आहे, लवकर दिसतं, असं मी मनाशी म्हटलं.

शनिवारी आम्ही बमरोलीच्या रस्त्यावरच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई गुजराती, वयस्क, आवाज कडक. फॉर्मवर महिने किती, तर मीच सांगितलं, चौथा पुरा होतोय. सोनोग्राफी झाली. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे, मग नूतनकडे.

"आ तो एकवीस अठवाडियां थई गयां," त्या म्हणाल्या. मग आम्हाला कळावं म्हणून हिंदीत, "चार महिना लिखाया. दो बेटी है, तारीख छुपाती हो. चेक करवा के आई हो ना?"

नूतनने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. तिला वाटत होतं मावशी सांगेल, मावशीला सगळं बरोबर माहीत असतं.

एकवीस आठवडे कसे होतील, म्हणून मी पुन्हा मोजायला लागले, आणि बोट आषाढावरून श्रावणावर येताना अडलं. मध्ये एक अख्खा महिना होता. त्या महिन्यात मी रोज पहाटे तेहेतीस दिवे लावले होते. योगराजला, जावई म्हणून, अनारसे पाठवले होते. आणि तोच महिना मी पोरीच्या पोटातून वगळला होता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "पाळी आखाजीची, अखात्रीजची. हिने चार सांगितले होते, चार आठवड्यांपूर्वी. मी अधिक मास धरला नाही. तो धरायचा नसतो, म्हणून. हिने काही बघितलेलं नाही. ही वेळेत येत होती, मी थांबवली."

डॉक्टर बाईंनी चष्मा काढला. अखात्रीज त्यांनाही कळत होती. मोबाईलवर तारीख काढली, दिवस मोजले. "एक सौ सैंतालीस," त्या पुटपुटल्या. मी तेव्हा त्यांच्या पुढ्यात तो जुना, घड्या पडलेला कागद ठेवला. तो मात्र त्यांनी वाचला. रक्तदाब स्वतः मोजला, दोनदा.

वीस आठवड्यांपर्यंत मी एकटी सही करू शकले असते, त्या म्हणाल्या. आता मला एकटीला जमणार नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, तिथे दोन डॉक्टर बघून ठरवतील. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. उठताना माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "मासी, पेट में अधिक मास नहीं होता."

त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात एक सही झाली. रविवार गेला. सोमवारी हरतालिका, माझा निर्जळी उपास. नूतनला धरून मी रांगेत उभी होते. दुसऱ्या डॉक्टरांना तपासायला चार वाजले. तोवर तिचा दाब आणखी चढला होता, त्यांनी सही केली आणि लगेच भरती करून घेतलं. मंगळवारी गणपती, ओपीडी बंद. वॉर्डातल्या खिडकीतून ताशे ऐकू येत होते. आयुष्यभर मी सणांची वाट बघितली, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा दिवस मध्ये नसता तर.

बुधवारी तिला आत नेलं. ऋषिपंचमी होती. पाळीत कळत नकळत शिवाशीव झाली, तर तिचा दोष जावा म्हणून बाया हा उपास करतात. मीही करत आले. बाकावर बसून मी हात जोडले, पण काय मागायचं ते सुचेना. जे होत होतं ते माझ्या देवाला मान्य नसेल, असं मला आजही वाटतं. पण महिनाभर आधी झालं असतं तर तिला आणि पोटातल्या जिवालाही कमी सोसावं लागलं असतं, हेही वाटतं.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. नागपंचमीला बोटांवर मोजताना धोंडा मी नुसता नियमाने सोडला, की थोडे दिवस गेले तर देव काही मार्ग काढेल, आपल्याला या पापात हात घालावा लागणार नाही, असं आत कुठेतरी होतं? मी स्वतःला अजून विचारते.

नूतनला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. संध्याकाळी तिने डोळे उघडले. ओठ कोरडे होते. मी चमच्याने पाणी पाजलं. तिने मुलींचं विचारलं. योगराजचा फोन आला होता, दोघी जेवल्या, म्हणून सांगितलं. मग तिने विचारलं, मावशी, तू काही खाल्लं का, आज पंचमी ना.

मी म्हटलं, खाल्लं. खाल्लं नव्हतं. मग तिच्यासमोरच तिच्या डब्यातली पोळी मोडली आणि खाल्ली. नांगराचं धान्य, त्या दिवशी वर्ज्य असलेलं.

तेवढ्यात गल्लीतल्या सुषमाचा फोन. पंचांगमावशी, गौरी कधी आणायच्या गं, आज की उद्या?

"भिंतीवर कॅलेंडर आहे ना," मी म्हटलं, "त्यात बघ. मला विचारू नको."

नूतन डोळे मिटून पडली होती. माझं बोट तिने धरून ठेवलं होतं, ज्या बोटाच्या पेरांवर मी मोजते, तेच.