डोळ्यातला किडा, कानावाटे

फुंकरबाईच्या दारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत स्टुलावर एक माणूस डोकं तिरकं करून बसला होता. त्याच्या कानाला वीतभर पोकळ नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला फुंकरबाईचे फुगलेले गाल. तिनं जोरात ओढलं आणि समोरच्या काळ्या फडक्यावर थुंकली. पांढरी अळी वळवळली.

"डोळा आणि कान सख्खे शेजारी," फुंकरबाई म्हणाली. "डोळ्यातला किडा मागच्या दारानं येतो. सुरी लावली की रुसून आत जातो."

किडा कसला, जावईच म्हणायचा.

पुढचा नंबर फळवालीच्या सुनेचा. फळवाली तीस वर्षं बाजाराच्या तोंडाशी बसायची, आणि जीभ अशी की घासाघीस करायला आलेलं गिऱ्हाईक मुकाट्यानं किलोभर जास्तच घेऊन जायचं. सून शिवणकाम करायची. पंधरा दिवस तिच्या उजव्या डोळ्यापुढं गोल काळा ठिपका तरंगत होता.

"आई, तो आपणहून हलतो. डॉक्टरांना दाखवू या," ती म्हणाली होती.

"तिथं डोळे फोडतात. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का गं?"

आणि गल्लीतल्या चार बायका बरोबर घेऊन सासू मिरवत इथं आली होती.

सुनेच्या कानातून दोन अळ्या निघाल्या. फळवाली बघायला वाकली. दुसऱ्या अळीनं अंगाचं कडं केलं आणि टुणकन उडी मारली.

फळवालीनं ती ओळखली. पिकल्या पेरूतली अळीच तेवढी अशी उडी मारते. पाटीतले किडके पेरू निवडताना तिनं ती शेकड्यानं पाहिली होती. शब्द ओठांपर्यंत आला. पण मागं त्या चार बायका माना उंचावून उभ्या होत्या. तिनं हात जोडले.

"बघा," ती त्यांना म्हणाली. "मी सांगत नव्हते?"

त्यानंतर तिनं सुनेला आणखी पाच वेळा तिथं नेलं. ठिपक्याचा पडदा झाला. एक दिवस शिवताना मशिनची सुई सुनेच्या बोटात शिरली. बोटाला चिंधी गुंडाळून ती कुणाला न विचारता डोळ्यांच्या दवाखान्यात निघाली, आणि सासू आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या मागून चालली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड टाकला. शेजारच्या पडद्यावर मोत्यासारखा बुडबुडा दिसला. उजेडानं तो आकसत होता.

"ही जंताची अळी. मळक्या हातांतून, न धुतलेल्या कच्च्या पाल्यातून अंडी पोटात जातात, तिथून रक्तावाटे डोळ्यात. ती एकच आहे, आणि कुणी काहीही सांगितलं तरी इथून कानाकडं वाट नसते. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला तीन बारीक छिद्रं पाडून हिला बाहेर काढावं लागेल. इतके दिवस काय उपचार केले?"

सुनेनं सासूकडं पाहिलंसुद्धा नाही. "काही नाही, बाई."

त्या दोन शब्दांनी फळवालीची मान जेवढी खाली गेली, तेवढी दहा शिव्यांनीही गेली नसती.

ऑपरेशन झालं, अळी निघाली. पण डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. तो डॉक्टरीणबाईंनी परत बसवला, तरी नजर पुरती आली नाही. उजव्या डोळ्यानं समोरची बोटं मोजता येतात, सुईचं नाक दिसत नाही. महिनाभर आधी आला असतात तर, एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फळवाली त्याच चार बायकांना घेऊन फुंकरबाईच्या गर्दीत शिरली. काळ्या फडक्यावर तिनं किडका पेरू चिरला. अळ्या टुणटुण उडाल्या. लोक पुढं सरकले.

"आता चूळ भर," तिनं तांब्या पुढं केला, "आणि मग माझ्या कानातून काढ."

फुंकरबाईनं ओठ घट्ट मिटले. गाल तेवढा हलत होता.

"ओढायच्या आधीच तोंडात काय आहे, ते तरी दाखव."

फुंकरबाई उठली आणि तोंडावर पदर धरून आतल्या खोलीत गेली. त्या चौघींतली एक पुढं आली. "तुला कधी कळलं गं हे?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बघत होतात म्हणून. मी माझं नाक सांभाळलं, आणि डोळा तिचा गेला. डोळ्यापुढं काही तरंगलं तर सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात जा. आणि समोर खोटं दिसलं, तर शेजारी कोण उभं आहे ते न बघता तिथल्या तिथं बोला."